इंग्रजीतला 'स्लीप' : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

रिझर्वेशन करताना स्लीपर, लॅपटॉपवर स्लीप मोड, बातम्यांमध्ये स्लीपर सेल, पार्टनरशिप डीडमध्ये स्लीपिंग पार्टनर, आणि बाथरूमच्या दारात काढून ठेवलेली स्लीपर (ती वेगळ्याच घरातली, खाली येईलच). एका शब्दाचा एवढा पसारा असल्यामुळे लोक सारखे तेच तेच विचारतात, म्हणून सगळं एकत्र लिहून टाकतोय. किती तास झोपावं, झोप का लागत नाही हे मात्र इथे शोधू नका, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, इथे फक्त शब्दाची चौकशी आहे.

'स्लीप'चा मूळ अर्थ झोप हाच होता का?

इंग्रजीपुरतं बोलायचं तर हो, पहिल्यापासून झोपच. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत नाम होतं 'स्लॅप' (त्यातला ॲ चांगला लांबवायचा) आणि क्रियापद 'स्लॅपन'. डच लोक 'स्लापन' म्हणतात, जर्मन 'श्लाफन' म्हणतात, आणि चौथ्या शतकात वुल्फिला नावाच्या बिशपने बायबल गॉथिक भाषेत आणलं त्यातही 'स्लेपन' सापडतो. एका घरातली भावंडं ही सगळी.

खरी मजा त्याच्याही मागे आहे. भाषाशास्त्रवाले या शब्दाचं नातं लावतात ते 'ढिलं पडणं, लुळं पडणं, अंगात जोर नसणं' अशा अर्थाच्या धातूशी. जर्मनमध्ये लांब आ लावून 'श्लाफ' म्हटलं की झोप आणि तोच आखडता घेऊन 'श्लफ' म्हटलं की सैल, ढिला. रशियनमध्ये 'स्लाबी' म्हणजे कमजोर, तोही याच गोतावळ्यातला. म्हणजे ज्यांनी हा शब्द पाडला त्यांनी झोपेकडे बघताना डोळे मिटण्याकडे लक्ष दिलं नाही, स्वप्नाकडेही नाही, त्यांनी बघितलं की माणूस सैल पडतो. लहान मूल खांद्यावर घेऊन थोपटत असाल तर तो क्षण तुम्हाला हाताला कळतो, इतका वेळ शर्टाची कॉलर मुठीत धरलेली असते ती मूठ सुटते, मान एकदम जड होते, एक हात पाठीमागे लोंबायला लागतो, आणि तेवढंच पोर अचानक दोन किलोनी वाढल्यासारखं वाटतं. स्लीप म्हणजे नेमकं ते.

आणि हे निरीक्षण पुढे सायन्सनेही उचलून धरलं म्हणायला हरकत नाही. १९५३ मध्ये शिकागोच्या अॅसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी झोपेतली ती अवस्था जगापुढे आणली ज्यात बुबुळं पापण्यांआड भराभर फिरतात, तिलाच आपण 'रेम' म्हणतो. त्या अवस्थेत हातापायाचे स्नायू जवळजवळ पूर्ण ढिले पडतात, म्हणून तर स्वप्नात धावत असलो तरी पलंगावरून उठून पळत नाही.

ही 'ढिलं पडणं, निपचित पडून राहणं' वाली गोष्ट लक्षात ठेवा. खाली जे स्लीपर, स्लीपिंग पार्टनर वगैरे येणार आहेत त्यातल्या बहुतेकांची किल्ली तीच आहे, झोप नाही.

इंग्रजी आणि संस्कृत लांबच्या बहिणी ना, मग 'स्लीप'ला संस्कृतमध्ये कोण आहे?

सरळ नातेवाईक असा दाखवता येत नाही. उलट झालंय असं की झोपेचा जो जुना, अर्ध्या जगात पसरलेला शब्द होता तो आपल्याकडे राहिला आणि इंग्रजीने घालवला.

तो शब्द म्हणजे 'स्वप्'. संस्कृतमध्ये स्वपिति म्हणजे झोपतो, सुप्त म्हणजे झोपलेला, सुषुप्ती म्हणजे गाढ झोप, आणि स्वप्न. संस्कृतमध्ये 'स्वप्न'चा अर्थ झोप असाही होतो आणि झोपेत दिसतं ते असाही, मराठीत आपण फक्त दुसरा ठेवला. हाच शब्द ग्रीकमध्ये गेला, म्हणजे गेला असं नाही, दोन्हीकडे एकाच आजीकडून आला, तर ग्रीकमध्ये सुरुवातीच्या 'स'चा 'ह' होतो, आपला सप्त तिकडे हेप्टा होतो तसं, आणि स्वप्नचा झाला 'हिप्नोस'. लॅटिनमध्ये त्याचाच 'सोम्नस'. म्हणून हिप्नोटिझम आणि इन्सोम्निया हे दोन्ही शब्द आपल्या स्वप्नाचे सख्खे चुलत भाऊ आहेत, दिसायला मात्र कुणाचं तोंड कुणाशी जुळत नाही.

हिंदीतला 'सोना' म्हणजे झोपणं, तोही स्वप् पासूनच प्राकृतमधून घासत घासत आलेला. आणि आता स्वीडनमध्ये जाऊन बघा, तिथे झोपण्याला म्हणतात 'सोवा'. डेन्मार्क-नॉर्वेत 'सोवे'. हा योगायोग नाहीये, खरंखुरं नातं आहे. स्टॉकहोमच्या माणसाचा झोपेचा शब्द लंडनपेक्षा लखनौला जवळचा आहे हे मला तरी भारी वाटतं.

मग इंग्रजीत तो शब्द कधी नव्हताच?

होता की! जुन्या इंग्रजीत 'स्वेव्हन' होता, आणि त्याचेही अगदी संस्कृतसारखे दोन्ही अर्थ, झोप आणि स्वप्न. स्वप्न या अर्थाने तो चौदाव्या शतकातल्या चॉसरच्या कवितेपर्यंत टिकला होता, नंतर गळाला. त्याची जागा 'ड्रीम'ने घेतली, आणि ड्रीमचा किस्सा आणखी अजब आहे कारण जुन्या इंग्रजीत 'ड्रीम'सारखा जो शब्द होता त्याचा अर्थ आनंद, जल्लोष, गाणंबजावणं असा होता. स्वप्न हा अर्थ तेराव्या शतकाच्या आसपास दिसायला लागतो, तो बहुतेक इंग्लंडमध्ये येऊन राहिलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या 'द्राउमर'च्या संगतीने.

'निद्रा' आणि इंग्रजी यांचं काही आहे का?

आहे, पण स्लीपशी नाही, डॉर्मिटरीशी. निद्रामधला 'द्रा' हा झोपण्याचा धातू आणि लॅटिनमधला 'डॉर्मिरे' (फ्रेंच डॉर्मिर) हे एकाच मुळाचे मानले जातात. गोव्यात कोकणीत झोपेला न्हीद म्हणतात ती याच निद्रेची. त्यामुळे होस्टेलच्या डॉर्मिटरीत निद्रा येत नसेल तर निदान व्युत्पत्तीच्या दृष्टीने तक्रार करायला जागा आहे.

हिप्नोटाइज केलेला माणूस झोपलेला असतो का? नाव तर तसंच आहे.

नसतो. नाव दिलं जेम्स ब्रेड या स्कॉटिश सर्जनने, मँचेस्टरला प्रॅक्टिस करायचा, १८४०च्या दशकात त्याने हिप्नोसवरून शब्द बनवला. नंतर त्याला स्वतःलाच पटलं की ही झोप नव्हे, लक्ष एका ठिकाणी खिळलेलं असतं एवढंच, आणि त्याने दुसरं नाव चालवायचा प्रयत्न केला. पण तोवर पहिलं नाव लोकांच्या तोंडी बसलं होतं. आपणही 'संमोहन' हा शब्द केला तो यापेक्षा बरा, त्यात झोप नाही मोह आहे.

स्पेलिंगमध्ये दोन 'ई' आणि भूतकाळात 'स्लेप्ट', हा काय प्रकार?

चॉसरच्या काळात उच्चार होता साधारण 'स्लेप', लांब ए. साधारण १४०० ते १७०० या तीनशे वर्षांत इंग्रजीतले बहुतेक दीर्घ स्वर एक एक पायरी वर सरकले, त्यात लांब 'ए'चा 'ई' झाला, स्पेलिंग मात्र जुन्याच वळणावर राहिलं. हे फक्त स्लीपचं नाही, मीट, फीट, क्वीन सगळ्यांचं.

'स्लेप्ट'चं असं की भूतकाळ करताना शेवटी 'ट' जोडला, मग प आणि ट एकत्र आले, आणि अशा जोडाक्षरापुढे इंग्रजीत आधीचा स्वर आखूड होतो. आखूड राहिला म्हणून तो वर सरकण्याच्या गडबडीतून वाचला आणि 'ए'च राहिला. कीप-केप्ट, वीप-वेप्ट, क्रीप-क्रेप्ट हे सगळे त्याच लायनीतले. म्हणजे बघा, 'स्लेप्ट'मध्ये ऐकू येतो तो जुना उच्चार आणि 'स्लीप'मध्ये नवा. शाळेत 'स्लीप्ड' लिहिलं म्हणून छडी खाल्लेल्यांना याने काही दिलासा मिळणार नाही म्हणा.

ट्रेनचा स्लीपर, रुळाखालचा स्लीपर आणि पायातली स्लीपर, तिन्ही एकच का?

नाही. पहिले दोन स्लीपचे, तिसरी नाही.

डब्यातला स्लीपर सरळ आहे, झोपायची सोय असलेला डबा. अमेरिकेत १८६०च्या दशकात जॉर्ज पुलमनने असे डबे गाजवले, पुढे जगभर पसरले. आपल्याकडे 'स्लीपर' म्हटलं की एसी नसलेला क्लास एवढाच अर्थ उरलाय, जुन्या डब्यात ७२ बर्थ, नव्या लाल एलएचबी डब्यात ८०. दिवसा त्यात झोपायला मिळेलच असं नाही, मिडल बर्थवाल्याला विचारा.

रुळाखालचा स्लीपर जास्त इंटरेस्टिंग. तिथे कोण झोपतं? कोणीच नाही, तो लाकडाचा ओंडकाच झोपलेला असतो. रेल्वे यायच्या कितीतरी आधी, सतराव्या शतकात, इंग्लंडमध्ये सुतार लोक जमिनीलगत आडव्या टाकलेल्या तुळईला 'स्लीपर' म्हणायचे, कारण ती आडवी, निपचित पडून वरचा भार घेते. रेल्वे आली तेव्हा शब्द तयारच होता. अमेरिकन त्यालाच 'टाय' म्हणतात कारण त्यांना दिसलं की तो दोन रूळ बांधून ठेवतो. आपल्याकडे पूर्वी साल आणि देवदारचे स्लीपर असायचे, आता काँक्रीटचे, मेन लाईनवर एका किलोमीटरमध्ये साधारण १६६० टाकतात. पुढच्या वेळी गाडी स्टेशनात थांबली की शेजारच्या ट्रॅककडे नीट बघा, खडीत अर्धे रुतलेले, मधे थोडे दबलेले आणि दोन्ही टोकांना रूळ जिथे बसतो तिथे उंच, त्यावर लोखंडी क्लिपा. वरून राजधानी जाऊदे नाहीतर मालगाडी, हे आपले पडून.

आणि पायातली स्लीपर मुळात 'स्लिपर' आहे, ऱ्हस्व इ, 'स्लिप' म्हणजे सरकणे यावरून. पाय सरकवला की झालं, बंद नाही बक्कल नाही. आपण बोलताना इ लांबवली आणि दोन्ही एक करून टाकले. झोपायच्या वेळी घालतात म्हणून स्लीपर हे जे कोणी सांगतात ते ऐकायला छान आहे पण खरं नाही.

स्लीपिंग पार्टनर म्हणजे नेमकं काय? मेव्हणा म्हणतोय फक्त सही कर, तू स्लीपिंग पार्टनर राहशील.

हा प्रश्न शब्दाच्या नावाखाली येतो पण विचारणाऱ्याचा चेहरा वेगळंच सांगत असतो, म्हणून जरा सविस्तर.

ब्रिटिश इंग्रजीत स्लीपिंग पार्टनर म्हणजे पैसे घातलेले पण रोजच्या कारभारात नसलेला भागीदार. अमेरिकन त्याला सायलेंट पार्टनर म्हणतात. पुन्हा तोच अर्थ बघा, नुसता पडून असलेला. गफलत अशी होते की मराठीत ऐकताना वाटतं आपण झोपलेलो म्हणजे आपल्याला कसलीच झळ नाही. भारतीय भागीदारी कायदा १९३२ चा आहे आणि जबाबदारीच्या बाबतीत त्यात जागा भागीदार आणि झोपलेला भागीदार असा भेद नाही. कलम २५ प्रमाणे प्रत्येक भागीदार फर्मच्या देण्याला इतरांसोबतही जबाबदार आणि एकटाही जबाबदार, म्हणजे मेव्हणा गायब झाला तर बँक सगळी वसुली तुमच्याकडून मागू शकते. झोपलेल्याला हक्कही आहेत, कलम १२ प्रमाणे फर्मच्या वह्या बघता येतात, त्यांची कॉपी घेता येते, आणि डीडमध्ये वेगळं लिहिलं नसेल तर कारभारात भागही घेता येतो.

एक फायदा मात्र खरोखर आहे. नेहमीचा भागीदार बाहेर पडला तर तशी जाहीर नोटीस दिल्याशिवाय पुढच्या व्यवहारांतून त्याची मान सुटत नाही, पण जो भागीदार आहे हे समोरच्या पार्टीला माहीतच नव्हतं त्याला, बाहेर पडल्यानंतरच्या गोष्टींसाठी ही नोटीशीची भानगड लागू होत नाही. बाहेर पडण्याआधीचं देणं डोक्यावर राहतंच. जबाबदारी घातलेल्या पैशापुरतीच ठेवायची असेल तर २००८ च्या कायद्याने आलेली एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, हे रस्ते आहेत, सीएला विचारून घ्या. सही करायच्या आधी.

आणि स्लीपर सेल?

हेरगिरीतला शब्द. दुसऱ्या देशात जाऊन साधं आयुष्य जगत वर्षानुवर्षं गप्प पडून राहायचं आणि हुकूम आला की कामाला लागायचं. जून २०१० मध्ये अमेरिकेत दहा रशियन हेर पकडले गेले, घर-संसार थाटून शेजारपाजारच्यांसारखे राहत होते, पुढच्याच महिन्यात व्हिएन्नाच्या विमानतळावर त्यांची अदलाबदल झाली. मराठीत आपण सुप्त गुण, सुप्त ज्वालामुखी म्हणतो तोच भाव.

लॅपटॉपमध्ये स्लीप आणि हायबरनेट वेगळे का असतात?

स्लीपमध्ये बाकी सगळं बंद होतं पण रॅमला (चालू कामाची तात्पुरती मेमरी) थोडी वीज चालू असते, म्हणून झाकण उघडलं की दोन सेकंदात जिथे होतात तिथे. बॅटरी पूर्ण संपली तर सेव्ह न केलेलं काम गेलं. हायबरनेटमध्ये रॅममधलं सगळं डिस्कवर उतरवून मशीन खरोखर बंद होतं, उठायला वेळ लागतो पण बॅटरी खात नाही. दोन-तीन तासांसाठी स्लीप, दोन-तीन दिवसांसाठी हायबरनेट, असं मी करतो.

शब्द म्हणून बघितलं तर हायबरनेट लॅटिनमधल्या हिवाळ्याच्या शब्दावरून आलाय, आणि तो लॅटिन शब्द आपल्या 'हिम'चा नातेवाईक. हेमंत ऋतू, हिमालय आणि विंडोजमधलं हायबरनेट, एकाच गोत्रातले. प्रोग्रामिंग करणाऱ्यांसाठी: कोडमधला 'स्लीप' म्हणजे सांगितलेला वेळ काहीही न करता पडून राहा, युनिक्समध्ये ही कमांड फार जुनी आहे, आणि अर्थ परत पहिल्या उत्तरातलाच.

'आय स्लेप्ट लेट' म्हटलं तर बॉस का हसला?

कारण आपण म्हणतो 'काल उशिरा झोपलो' आणि तेच तोंडावर येतं, पण इंग्लंड-अमेरिकेच्या माणसाला ऐकू येतं 'सकाळी उशिरापर्यंत लोळत होतो'. तुम्हाला सहानुभूती हवी होती, मिळाली उलटी शंका. रात्री जागरण झालं असं सांगायचं तर 'आय वेंट टू बेड लेट' किंवा 'आय वॉज अप लेट'. गजर झाला तरी जाग आली नाही तर 'आय ओव्हरस्लेप्ट', त्यात चूक झाल्याची कबुली आहे. रविवार म्हणून मुद्दाम लोळलात तर 'आय स्लेप्ट इन', त्यात कबुली नाही, मजा आहे.

मूळ अडचण अशी की मराठीत झोप स्वतःच सगळं करते. ती येते, लागते, मोडते, उडते, अनावर होते, कधी कधी पूर्ण होत नाही. आपण आपले बिचारे, आपल्याला ती 'येते'. इंग्रजीत माणसाला करावं लागतं. त्यामुळे 'आय ॲम गेटिंग स्लीप' हे आपल्याकडे सर्रास चालतं, चेन्नईपासून चंदिगडपर्यंत सगळ्यांना कळतं, पण बाहेर 'आय ॲम स्लीपी' म्हणा. झोप लागली म्हणजे 'आय फेल असलीप'. झोप मोडली म्हणजे 'आय वोक अप', आणि कोणी मोडली असेल तर त्याचं नाव घेऊन सांगा.

'असलीप' आणि 'स्लीपिंग' यात फरक काय?

'असलीप' म्हणजे जुन्या इंग्रजीतलं 'ऑन स्लॅपे', झोपेवर, झोपेत, त्यातला 'ऑन' झिजून 'अ' राहिला. म्हणून तो नामाच्या आधी लागत नाही, 'ॲन असलीप बेबी' कोणी म्हणत नाही, 'अ स्लीपिंग बेबी' म्हणतात. अलाइव्हचंही तसंच.

हॉटेलच्या साइटवर 'धिस कॉटेज स्लीप्स सिक्स' लिहिलंय, कॉटेज कसं झोपेल?

सहा माणसं झोपू शकतील एवढी सोय आहे असा अर्थ. त्यात हॉलमधला सोफा-कम-बेड धरलेला असतो हे गृहीत धरून चला, आणि दोन मुलं म्हणजे एक माणूस हा हिशोब त्यांना मान्य नसतो.

'स्लीप विथ' चा तो अर्थ कधीपासून?

आजकालची पोरं बिघडली म्हणून आलेला नाही, हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही आहे. मराठीतही तेच आडवळण आहे, आणखी फोड करत बसत नाही.

'स्लीप टाइट' दोरीच्या खाटेवरून आलं हे खरं का?

नेटवर फिरणारी गोष्ट अशी की पूर्वी पलंगाला दोऱ्या विणलेल्या असायच्या, त्या सैल पडल्या की मधे झोळी व्हायची, म्हणून ओढून घट्ट करायच्या आणि मग 'टाइट' झोपायचं. आपल्याला हे लगेच पटतं कारण सुंभाची बाज आपण बघितलेली असते, पायथ्याकडची दोरी सैल झाली की दोघंजण टाच लावून ओढायला बसतात, आणि नाही ओढली तर रात्री शेजारचा माणूस गडगडत आपल्या अंगावर येतो. दोरीचे पलंग युरोप-अमेरिकेत होते हेही खरं. पण ही म्हण लिखाणात दिसते ती १८६०च्या दशकापासून, आणि त्या काळच्या इंग्रजीत 'टाइट'चा अर्थ 'नीट, पक्कं, गाढ' असाही होता. तेवढ्याने काम भागतं. पुढे जे ढेकूण चावू देऊ नको वगैरे आहे ते यमकासाठी चिकटवलेलं. आपली 'ढाराढूर' जास्त चांगली आहे, त्यात घोरणंसुद्धा ऐकू येतं.

नॅप, डोझ, स्नूझ, स्लंबर, किप... एवढे शब्द कशाला?

प्रत्येकाची जात वेगळी आहे. भराभर सांगतो.

नॅप म्हणजे डुलकी, मुद्दाम काढलेली. जुन्या इंग्रजीत 'हनॅप्पियन', सुरुवातीचा ह गेला. किडनॅपमधला नॅप हा नव्हे, तो 'नॅब' म्हणजे पकडणे, सतराव्या शतकात इंग्लंडमधून पोरं पळवून अमेरिकेतल्या मळ्यांवर कामाला पाठवायचे त्यावरून आला. नॅपकिनही वेगळा, तो लॅटिन 'मॅप्पा' म्हणजे कापड यावरून, आणि गंमत म्हणजे नकाशाचा मॅप आणि स्वयंपाकघरातला एप्रन हेही त्याच कापडातून फाडलेले, एप्रन आधी 'नॅप्रन' होता. पॉवर नॅप या नावाचं श्रेय कॉर्नेल युनिव्हर्सिटीच्या जेम्स मास यांना देतात. नासाने लांब पल्ल्याच्या वैमानिकांवर अभ्यास केला होता, ४० मिनिटं मोकळी दिली तर प्रत्यक्ष झोप सरासरी २६ मिनिटं लागली, आणि तेवढ्यावर ती माणसं बरीच तरतरीत राहिली.

डोझ म्हणजे पेंग, न ठरवता येते, मीटिंगमध्ये येते ती. सतराव्या शतकातला, स्कँडिनेव्हियाकडून आलेला असावा.

स्नूझ अठराव्या शतकाच्या शेवटाकडे बोलीभाषेत उगवला. त्याला जगप्रसिद्ध केलं घड्याळाने, १९५६ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने 'स्नूझ-अलार्म' नावाचं गजराचं घड्याळ आणलं तेव्हापासून स्नूझ म्हणजे झोप कमी आणि बटण जास्त. आता तर 'ती फाइल जरा स्नूझ कर' असं ऑफिसमध्ये ऐकू येतं.

स्लंबर कवितेतला. यात एक गोष्ट मला फार आवडते, जुन्या इंग्रजीत तो 'स्लुमेरियन' होता, 'ब' नव्हताच, जर्मन 'श्लुमर्न'मध्ये अजूनही नाही. म आणि र शेजारी आले की ओठ उघडताना मधे आपोआप ब डोकावतो. आपल्याकडे हुबेहूब हेच झालंय, आम्रचा आंबा आणि ताम्रचं तांबं. हजारो किलोमीटर लांबच्या दोन भाषांत तोंड तेच असल्यामुळे चूकही तीच.

किप हा ब्रिटिश लोकांचा रोजचा शब्द, 'जरा पडतो' या अर्थाने. तो डॅनिशमधल्या झोपडी किंवा हलक्या दर्जाच्या गुत्त्याच्या शब्दावरून आलेला मानतात, आणि अठराव्या शतकात इंग्रजीत त्याचा अर्थ कुंटणखाना असा होता. मग स्वस्त लॉज, मग तिथली खाट, मग झोप. उतरती नाही, चढती कमान म्हणायची.

सिएस्टा म्हणजे वामकुक्षीच का?

कामाला एकच, नाव वेगळ्या कारणाने. सिएस्टा स्पॅनिश, लॅटिन 'सेक्स्टा' म्हणजे सहावी यावरून, सूर्योदयापासून सहावा तास, म्हणजे भर दुपार. झोपेचा त्यात उल्लेखही नाही, फक्त वेळ आहे. वामकुक्षीत वेळ नाही, कूस आहे, वाम म्हणजे डावी. जेवण झालं की डाव्या कुशीवर थोडं आडवं व्हायचं, गाढ झोपणं त्यात अपेक्षित नव्हतं, ते आपण वाढवलं. गोव्यात पोर्तुगीजांमुळे सिएस्टाची बहीण 'सेस्ता' आली आणि दुपारी दुकानं बंद ठेवायची सवयही अजून बरीच टिकून आहे. पुण्याच्या १ ते ४ वर विनोद पुष्कळ झालेत, माझं मत विचाराल तर मे महिन्यात दुपारी दोनला ज्याने दुकान उघडं ठेवलंय त्याच्यावर विनोद व्हायला हवेत.

ॲप्नियामध्ये 'स्वप्न' आहे का? आणि नार्कोलेप्सीमध्ये 'स्लीप'?

दोन्हीकडे नाही, कानाला तसं वाटतं एवढंच. स्लीप ॲप्नियातला ॲप्निया म्हणजे श्वास नसणं, ग्रीकमध्ये 'प्न' वाला धातू श्वासाचा आहे, न्यूमोनियाही त्याच पट्टीतला. नार्कोलेप्सी हे नाव फ्रेंच डॉक्टर जेलिनो यांनी १८८० मध्ये दिलं, 'लेप्सी' म्हणजे झडप, एपिलेप्सीतली तीच.

झाडं खरंच झोपतात का, की 'स्लीप' तिथे नुसतं म्हणायचं?

म्हणायचं, पण बऱ्याच जुन्या काळापासून. लिनियस, ज्याने वनस्पतींना दोन-दोन नावं द्यायची पद्धत पक्की केली, त्याच्याकडून १७५५ मध्ये 'वनस्पतींची झोप' या विषयावर एक प्रबंध निघाला, त्यात सोम्नस हाच शब्द वापरलाय. संध्याकाळी चिंचेच्या किंवा रेन ट्रीच्या खाली उभं राहून बघा, पानं जोडीजोडीने मिटलेली असतात आणि दुपारी गच्च वाटणाऱ्या झाडातून आभाळ दिसायला लागतं. पानाच्या देठाशी छोटी फुगीर गाठ असते, तिच्यातल्या पेशींमधलं पाणी इकडून तिकडे गेलं की एक बाजू सैल पडते आणि पान मिटतं.

सकाळी डोळ्यात जे साठतं त्याला इंग्रजीत काय म्हणतात?

लहान मुलांशी बोलताना तेही 'स्लीप'च, 'देअर्ज स्लीप इन युअर आइज'. डॉक्टरी शब्द 'रूम' (स्पेलिंग वेगळं, खोलीवाला नाही). आपलं चिपड बरं.

'स्लीपिंग पोलिसमन' म्हणजे ड्युटीवर झोपलेला हवालदार का?

स्पीड ब्रेकर! ब्रिटनमध्ये बोलताना असं म्हणतात, रस्त्यावर आडवा पडून गाडीचा स्पीड कमी करतो म्हणून. आपल्या गल्लीत बिनपरवाना घातलेल्या, पट्टे न मारलेल्या उंचवट्याला मात्र हे नाव देऊ नका, तो पोलिस नाही, सोसायटीच्या कमिटीने वर्गणी काढून झोपवलेला आहे.